फोटोआधीची तयारी

सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीतला फोटो उत्कर्षानं मोठ्या आशेनं संस्थाप्रमुख सरांना दाखवला. बिबवेवाडीतल्या त्यांच्या मदतसंस्थेतून परवा जगभरच्या वर्तमानपत्रांना आवाहन जायचं होतं. त्या छावणीतल्या उपाशी मुलांकडे अजून कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. फोटोत आईच्या कडेवर चिमुरडी हसत होती. छायाचित्रकारानं कळवलं होतं: पिण्याच्या मोजक्या पाण्यानंच आईनं तिचं तोंड धुतलं, शेजारणीचा फ्रॉक मागून आणला, मगच फोटो काढू दिला. “वा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभेल हा!” सर म्हणाले. “हिला बघून कोण मदत पाठवणार?” उत्कर्षानं सकाळीच पाळणाघरात सोडताना लेकीचे केस दोनदा विंचरले होते. त्या बाईनं तरी वेगळं काय केलं? पण कुणी छापलंच नाही, तर धान्यही पोचणार नव्हतं. सरांकडे न बघता तिनं छायाचित्रकाराला लिहिलं, “उद्या पुन्हा जाल का? या वेळी त्यांना आधी कळवू नका.”