पक्षी कुळाचा मांडव

ल्युएलाच्या पत्राला एनॉसने उत्तर दिलंच नव्हतं. चार वर्षं ते टेबलाच्या खणात पडून होतं.

लहानपणीच कॅन्ससच्या एका गोऱ्या कुटुंबाने तिला दत्तक नेलं होतं. म्हातारपणी, एका उन्हाळ्यात, ती आईकडच्या आजीचा माग काढत, आजीच्या मूळ अमेरिकी जमातीच्या गावी, टाहलेक्वाच्या वाचनालयात आली. त्याच जमातीचा एनॉस तिथे ग्रंथपाल होता. ‘आजीचं कुळ कुठलं?’ असं तिने नंतर पत्रात विचारलं होतं.

आज त्याने ते थोरल्या बहिणीला वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ न वाचता घडी घातली.

मिनर्व्हा उखळात हिकरीची अक्रोडासारखी फळं कुटत होती. “शोधायचं कशाला? घेऊ तिला आपल्या लांडगा कुळात.”

“कुळ आईकडून येतं, ताई.”

“मलाच शिकव! मला लेक नाही. नाचाच्या मैदानावर सात कुळांचे सात मांडव, त्यात आपलाच ओस पडायचा. तू काय, लांडगे जन्माला घालणारेस? ती बिचारी विधवा, पण लेक आहे, नाती आहेत. कुळात घेतली की तुझी-माझी बहीणच ती.”

“नाही.”

मुसळ थांबलं. हा शब्द तिने त्याच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता.

“पुस्तकं वाचून काळीज वाळलं तुझं!”

एनॉसचे कान लाल झाले. तरी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

सरकारी याद्यांत आजीचं नाव होतं, वय होतं, कुळ नव्हतं. गोऱ्या कारकुनांनी ते विचारलंच नव्हतं. परक्याचं दार वाजवायला घाबरणाऱ्या एनॉसने आजीच्या गावातली, केनवूडमधली दारं वाजवली. शेवटी आजीला ओळखणारी एक म्हातारी भेटली.

“सूकी ना? पक्षी कुळाची! पायांना खडे भरलेल्या कासवाच्या पाठी बांधून नाचायची. नुसत्या आवाजावरून ओळखायचो आम्ही.”

“नक्की? लांडगा नव्हे?”

“डोळे गेलेत माझे, डोकं नाही. आणि तू हसतोस कशाला रे? ऐकू येतंय मला.”

घरी मिनर्व्हाने ऐकून घेतलं. “म्हणजे आपला मांडव ओसच.”

“पडू दे ओस. खोटं कुळ तिला मिळणार नाही.”

त्याने पाकीट घेतलं नाही. उघडं कार्ड लिहिलं, टपालवाल्यानेही वाचावं असं, आणि मिनर्व्हाच्या डोळ्यांदेखत पेटीत टाकलं:

‘ल्युएला, तुझी आजी पक्षी कुळाची. त्यांच्या मांडवात हक्काने बस, कुणाला विचारू नकोस. आपण भाऊबहीण नाही. तेव्हा तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर: हो, लग्न करू या.’