टेबलाखालचा ब्रेक

ती दिवसभर लोकांना गाडी शिकवायची, संध्याकाळी ऑनलाइन खेळ. गाडीत तिच्याही पायाशी ब्रेक असायचा, खेळात नव्हता. तरी नवखा एकटाच शत्रूच्या गडात घुसला, की टेबलाखाली तिचा पाय करकचून फरशी दाबायचा. "अगं, फरशीला खड्डा पडेल," नवरा हसायचा. आज शिकायला सासूबाई बसल्या. दोन डाव त्यांनी एकट्यानंच पुढे पळून घालवले. "आजी, पुन्हा पळालात तर संघातून काढू," संघातली पोरं हेडफोनमधून करवादली. तिसऱ्या डावात गड दिसला. तिचा पाय ताठला. तोंड मात्र तिनं मिटलं. सासूबाई गडाच्या दाराशीच थबकल्या. "मागे कोण राहिलंय? या रे. सगळे आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही." सगळे एकदम घुसले आणि जिंकले. सासूबाईंनी टाळीसाठी हात पुढे केला. तोवर तिचे दोन्ही पाय फरशी सोडून खुर्चीवर मांडी घालून बसले होते.