तहकूब सभा

"बायनाबाई, कुटं गेल्या तुमच्या बाया? भ्याल्या काय?" दत्तरावांनी भर ग्रामसभेत विचारलं, आणि त्यांच्या मागची माणसं खो-खो हसली.

बायनाबाई सतरंजीच्या टोकाला एकट्याच बसल्या होत्या. दत्तरावांच्या मागे त्यांची भावकी, सालगडी, उसनवारीवाले मिळून सत्तरेक माणसं होती. मालकाचा हात जिकडे, तिकडे सगळ्यांचा. विचार करण्याची कटकटच नाही!

मागणी साधी होती. बौद्धवाड्यातून सडकेला जाणारी पाणंद दत्तरावांनी नांगरून वावरात घेतली होती. गेल्या पावसाळ्यात बायनाबाईंची सून धम्मशीला अडली. चौघांनी तिला बाजेवर घालून चिखलातून नेलं. सडक यायच्या आत पोटातलं लेकरू गेलं. आता तिला पुन्हा सहावा महिना होता. पाणंद पावसाच्या आत मोकळी व्हायला हवी होती, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

सरपंच रेणुकाताईंनी अर्धा तास वाट पाहून डोकी मोजली. कोरमला शंभर लागत होती.

"कोरम न्हाई. सभा तहकूब," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी हितंच, हाच इषय."

तहकूब सभेला कोरमची अट नसते, हेही ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं. पण ऐकायला होतं कोण? दत्तराव कधीच चहाच्या टपरीकडे निघाले होते. या गावात तहकूब झालेली सभा पुन्हा भरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तहकूब म्हणजे खल्लास, हा इथला कायदा. टपरीवर त्या दिवशी चहा दत्तरावांकडून होता.

शुक्रवारी ते सोयाबीनचं बियाणं बघायला जिंतूरला गेले.

इकडे सभेच्या वेळेला बौद्धवाड्यातून बाया निघाल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कडेवर पोरं घेतलेल्या. बाप्येही आले. सगळे मिळून चाळीसेक. धम्मशीला पोटावर हात ठेवून सावकाश चालत आली आणि सासूला खेटून बसली. दत्तरावांचे दोन सालगडी आधी पारावरून नुसते बघत होते. मग तेही सतरंजीवर येऊन टेकले.

रेणुकाताईंनी ठराव वाचला. सगळे हात वर गेले. सालगड्यांचेही. विरोधाला कुणी आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. एक तान्हं पोर तेवढं रडलं, ते मात्र भुकेनं. ठराव मंजूर झाला तेव्हा धम्मशीलानं सासूच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि बायांनी अशा टाळ्या पिटल्या की टपरीवाला चहा सोडून बघायला आला. बायनाबाईंच्या आनंदाला पारावार उरला नाही.

दत्तराव संध्याकाळी एस.टी.तून उतरले, ते बातमी ऐकून तडक बौद्धवाड्यात आले. बायनाबाई दारात धम्मशीलाला भाकरी वाढत होत्या.

"ह्यो कुटला ठराव?" दत्तराव कडाडले. "मागच्या सभेला माजी सत्तर माणसं व्हती. तुमची एक बाई घराभाईर निघाली न्हाई!"

बायनाबाईंनी सुनेच्या ताटात अजून एक भाकरी टाकली आणि मग वर पाहिलं.

"कशा निघतील, दत्तराव? आमी आलो असतो तर कोरम भरला असता."