आजचं कारण

“आज काय कारण?” स्टुलावर बसत सुनेनं विचारलं.

सासऱ्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, मगच मान वर केली. “आज वारा सुटलाय. वाऱ्यात टोचून घेतलं की थंडी भरते.”

“काल ऊन होतं म्हणून नको म्हणालात.”

“उन्हाचं वेगळं, वाऱ्याचं वेगळं.”

खाली त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्यांत संसार. दुकानात शिवायला आलेल्या पानांच्या थप्प्या, खळीचा वास, कोपऱ्यात लोखंडी प्रेस. सुनेला सातवा महिना लागला होता. जिना उतरताना ती एक हात कठड्यावर ठेवी, एक पोटावर.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “फ्लूची लस तुम्ही घ्या, घरातल्यांनाही द्या. जन्मल्यावर सहा महिने बाळाला ती देता येत नाही. तोवर तुम्ही माणसंच त्याचं कुंपण.”

जेवताना तिनं हे सांगितलं. नवरा घुटमळला. “पोटात बाळ असताना टोचून घ्यायचं?”

आतून तीही कचरत होती. पण ताईचं बाळ डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी शिंकत आलं, कौतुकानं त्याला मांडीवर घेतलं. सव्वा महिन्याचा जीव. आठव्या दिवशी पाळणा रिकामा झाला. ताई अजून जाता-येता त्या पाळण्याला झोका देते.

“मी घेणार,” ती म्हणाली. “सगळ्यांनी घ्यायची.”

सासरे खाली मान घालून जेवत होते. हो नाही, की नाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुठ्ठा आणायला म्हणून बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परत आले. दुकान बंद होतं म्हणाले.

त्याच दुपारी ती पहिल्यांदा त्यांच्याजवळ बसली. एरवी चहाचा कप उंबऱ्याशी ठेवून ती वर निघून जायची. चार वर्षांत दोघांमध्ये ‘चहा ठेवलाय’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलणं नव्हतं. पूर्वी सासूबाई स्टुलावर बसून पानं धरायच्या. त्या गेल्या आणि स्टुलावर धूळ बसली. पण त्या दुपारी सासऱ्यांचा डावा हात वर होईना.

“प्रेसचं चाक फिरवून भरून आलाय,” ते पुटपुटले.

म्हणून तिनं पानं धरली, आणि धरता धरता विषय काढला. “बाबा, आम्ही दोघं उद्या लस घेतोय. तुम्ही?”

“बघू.”

त्या ‘बघू’चं काही होईना. ती रोज दुपारी यायची, आणि रोज नवं कारण तयार असायचं. कधी दाढ ठणकत होती. कधी कुणा ओळखीच्याला लशीनंतर दोन दिवस कणकण होती. एकदा म्हणाले, “या कातड्यात सुई वाकेल. त्या बाईंचं उगाच नुकसान.”

“दिवसभर सुईशी खेळता आणि सुईला घाबरता?”

“ही सुई मी टोचतो. ती मला टोचणार. फरक आहे, पोरी.”

ती हसायची, मग चिडायची, पाय आपटत वर जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मधल्या वेळात पानं शिवून व्हायची. दोरा कुठं ताणायचा, कुठं सैल सोडायचा, ते ती शिकली. एके दिवशी स्टुलावर बांधणीच्या कापडाच्या चिंध्या भरलेली उशी आली. कुणी ठेवली, ते कुणीच बोललं नाही. सासूबाई शिवताना काय गुणगुणायच्या, तेही एकदा त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज खरखरीत, चाल मात्र अचूक.

पानापाशी पान बसे, मधून जाई दोरा
सुटं पान वारा नेई, त्याला नाही सोयरा

पण आज ती हसली नाही. हातातली पानं तिनं खाली ठेवली.

“बाबा, पुरे झालं. आम्ही पुलापलीकडे खोली बघितलीय. बाळ या घरात येणार नाही.”

सुई अर्ध्यात थांबली.

“रागानं नाही म्हणत,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल आता माया वाटते, म्हणून तर तीन आठवडे घसा कोरडा केला. पण मला दुसरा रिकामा पाळणा बघायचा नाही.”

वाडग्यातल्या खळीवर साय धरू लागली होती. सासऱ्यांनी ब्रश उचलला, परत ठेवला. मग त्यांनी त्या उशीकडे पाहिलं.

“चपला घाल,” शेवटी ते म्हणाले. “आत्ताच जाऊ.”

दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. ते तिच्या चालीनं चालले. दाराशी आल्यावर मात्र अडले. “तू बाहेरच थांब. आत खोकणारी माणसं असतात.”

“मुळीच नाही. मी डोळ्यांनी बघणार. तुमचा काय भरवसा?”

टोचणीच्या खोलीत कुणी नव्हतं. नर्सबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि वही ओढून चार पानं मागं गेल्या.

“आजोबा, ही वर्षातून एकदाच असते. तुमची झालीय की! आम्ही दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होतात.” मग त्या सुनेकडे वळल्या. “तुम्ही दोघं आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी.”

सून सासऱ्यांकडे बघत राहिली. ते बोटावरची वाळलेली खळ खरवडत होते.

“उद्यासाठी,” ते म्हणाले, “गुडघ्याचं कारण काढून ठेवलं होतं.”