आवाज आधी, ओठ नंतर

ऑपरेशन होऊन नवरा घरी आला आणि तिच्या जिवात जीव आला.

पण जेवताना तिच्या लक्षात आलं, की त्याचा आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. “भाजीत मीठ कमी पडलंय गं,” असं ऐकू आलं. तिने मीठ पुढे केलं, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं.

“दमलात तुम्ही. जरा पडा,” म्हणत तिने त्याला पलंगावर निजवलं.

इतक्यात दारावर थाप पडली.

“अगं, उघड ना!” बाहेरून नवऱ्याचाच रडवेला आवाज आला. “मला माझ्या अंगात शिरता येत नाहीये. आत कुणीतरी आहे.”

ती गर्रकन वळली. पलंगावर नवरा उठून बसला होता.

“उघडू नकोस हं, पोरी,” तो एका म्हातारीच्या आवाजात म्हणाला.