पाचव्या पानावरचा मुद्दा

शेवंताबाई अंगणवाडी सांभाळून बी.ए. करत होत्या. 'आमच्या गावातली बालकं' हा त्यांचा निबंध कॉलेजात शिकवणारी लेक वृंदा वाचत होती.

"आई, मुख्य मुद्दा सुरुवातीलाच मांडायचा असतो. तू तर गाव वसल्यापासून सुरू केलंस!" ती हसत म्हणाली.

पाचव्या पानावर मात्र तिचं हसू थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'आमचा वजनकाटा किलोभर जास्त दाखवतो, म्हणून कागदावर एकही मूल कुपोषित नाही.'

"हे इतकं मागे का लिहिलंस?"

"पाचव्या पानापर्यंत कुणी वाचत नाही, म्हणून."

वृंदाने कात्री पुढे केली. शेवंताबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी तो परिच्छेद कापून पहिल्या पानावर, सगळ्यात वर चिकटवला.

"छान! आणि समारोप?"

"तो उद्या लिहिते. आधी काटा घेऊन तालुक्याला साहेबांकडे जाऊन येते."