फणीची सावली

आईची खोली रिकामी करण्याआधी मला तिच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवायचे होते, तेही सावल्यांसकट. उतरत्या उन्हात साधी गाळणीसुद्धा भिंतभर जाळी विणते. ताई वस्तूंवर उजेड परतवायला थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरून माझी कटकट सोसत होती.

शेवटी टेबलावर फणी ठेवली. आजारपणात आईचे सगळे केस गेले, तेव्हापासून ती कुणी वापरलीच नव्हती.

"फणी नीट पुसायला काय होतं गं तुला?" मी खेकसलो. "सावलीत केस दिसतोय."

ताईने फणी पुन्हा पुसली, फुंकली, जागेवर ठेवली. फणी लख्ख होती. भिंतीवरच्या सावलीच्या दातांतून मात्र एक लांब केस लोंबत होता.

मी तो बोटाने काढायला गेलो.

"ओढू नकोस," ताई पुटपुटली. "दुखेल तिला."

तिने थर्मोकोल खाली ठेवला, वेणी सोडली आणि लहानपणी शाळेत जाताना आईपुढे बसायची तशी भिंतीकडे पाठ करून बसली.

टेबलावरची फणी जागची हलली नाही. तिची सावली तेवढी भिंतीवरून सरकत खाली आली, आणि ताईच्या केसांत मधोमध, अगदी सावकाश, सरळ भांग पडत गेला.